जत्रेतला पाळणा, पार्कातली राइड आणि घाबरणारी लहान मुलं

पांझराकाठ
दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि नाताळच्या सुटीत खोपोलीचं इमॅजिका पार्क, असा यंदा घरातल्या पोरांचा बेत आहे. मुलगी साडेचार वर्षांची, पुतण्या सात वर्षांचा. मुलीला मोठा आवाज आणि मुखवटे सहन होत नाहीत. पुतण्या आकाशपाळण्याकडे टक लावून बघतो, पण बसायची वेळ आली की पोट दुखतं म्हणतो. बळजबरी करायची नाही हे पक्कं आहे, पण "मोठा झाला की बसेल" म्हणून विषय सोडूनही द्यायचा नाही. हाताशी दीड महिना आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं. "धीर द्या, प्रेमाने घ्या" एवढं माहीत आहे.

झोका
लहान मुलांच्या भीतीवर काम करते, त्यामुळे इथे लिहिते.

पोट दुखतं हे नाटक नसतं. भीती वाटली की शरीर पचन मागे ढकलतं, पोटाचे स्नायू आवळतात आणि लहान मूल त्यालाच "दुखतं" म्हणतं. तेव्हा "खोटं बोलतोस" म्हणू नका. "पाळण्याचा विचार आला की पोट आवळतं का?" असं विचारा. सात वर्षांचा मुलगा हो किंवा नाही सांगू शकतो.

आता घरातलं एक वाक्य बंद करा : "काही होत नाही." कारण काहीतरी होतंच. पोटात गोळा येतो, वारा लागतो, खुर्ची हलते, लोक किंचाळतात. मुलाला हे जाणवलं की तुमचं सांगणं खोटं ठरतं आणि पुढच्या वेळी तो तुमच्यावर विसंबत नाही. त्याऐवजी क्रम सांगा. कोलंबसच्या नावेबद्दल असं : "आपण मधल्या बाकावर बसू. लोखंडी पट्टी खाली येईल, खट्ट वाजेल. नाव आधी हळू हलेल, मग उंच जाईल. वर गेली की पोटात गुदगुल्या झाल्यासारखं वाटेल, खाली आली की गुदगुल्या थांबतील. पुन्हा तसंच. मग हळूहळू कमी होऊन थांबेल." एवढंच, तेही सपाट आवाजात. आपला आवाज चढला की मूल तोच ऐकतं, शब्द नाही.

दुसरं म्हणजे भीती कशाची आहे ते वेगळं काढा. "राइडची भीती" असं काही नसतं. उंची, गिरकी, एकदम खाली पडणं, आवाज, अंधार, पट्टीने आवळलं जाणं, आईबाबांपासून लांब बसणं, यातलं एक किंवा दोनच असतं. तुमच्या मुलीचं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे : आवाज आणि मुखवटे. म्हणजे तिला उंच पाळणाही चालेल कदाचित, पण भूत बंगल्याच्या दारावरच ती रडेल. पुतण्याचं तपासायला त्याला गच्चीच्या कठड्याशी उभं करू नका, चित्र काढायला सांगा. पाळणा काढतो तेव्हा तो काय मोठं काढतो ते बघा. वर अडकलेला माणूस काढला तर भीती उंचीपेक्षा "थांबलो तर?" याची आहे.

खान्देशी_वाघ
एवढं डोकं कशाला लावता भो? उचला आन बसवा. एक फेरी झाली की पोरगं स्वतःच म्हणतं "अजून एकदा".

झोका
काहींच्या बाबतीत तसं होतं, खोटं नाही. पण पट्टी लागल्यावर जे पोर सुटायची धडपड करतं ते पट्टीखालून सरकतं. हा धोका भीतीच्या प्रश्नाआधीचा आहे. शिवाय बसवलेलं मूल गप्प झालं की लोकांना वाटतं भीती गेली. गप्प दोन प्रकारचं असतं. रमलेलं मूल गप्प असलं तरी डोळे हलतात, हाक मारली की मान वळते. गोठलेलं मूल एकाच जागी बघतं, बोटांची पेरं पांढरी पडतात, हाकेला उत्तर देत नाही. ते "अजून एकदा" म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी जत्रेच्या नावानेच रडतं.

म्हणून नियम असा ठेवा आणि घरीच सांगा : पट्टी लागेपर्यंत कधीही "नको" म्हणता येईल, कोणी रागावणार नाही, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. पट्टी लागली की राइड थांबेपर्यंत उठायचं नाही. नियमाचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे. पहिला भाग खरा आहे असं पटलेलं मूल दुसरा पाळतं. आणि तो एकदा तरी खरा करून दाखवावा लागतो, म्हणजे रांगेच्या टोकाशी जाऊन मुलगा नको म्हणाला तर हसत परत फिरायचं.

पाना_बावीस
ताईंनी मनाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. पाळणे उभे करणं-उतरवणं हे आमचं काम.

पोरगं घाबरतं तेव्हा कधीकधी ते बरोबर असतं. आधी तुम्ही बघा. नदीकाठी जमीन भुसभुशीत असते, म्हणून पाळण्याच्या पायाखाली लाकडी स्लीपर टाकलेले असतात. ते सरळ बसलेत का, की एका बाजूला रुतलेत? एक चक्कर पूर्ण बघा. पाया हलत असेल किंवा प्रत्येक फेरीला एकाच जागी "ठक" वाजत असेल तर तिथे बसू नका. पाळणा किरकिरतोच, त्याची चिंता नको. ठराविक जागी ठोका पडणं वेगळं.

मग डब्याचं दार. कडीला आडवी पिन हवी आणि पिनेला क्लिप किंवा साखळी हवी. पिनेच्या जागी तार पिळलेली दिसली तर तिथून निघा. चालवणारा प्रत्येक डब्याची कडी हाताने ओढून बघतो का, हेही बघा. जो ओढून बघतो त्याच्या पाळण्यावर बसा, तिकीट दहा रुपये जास्त असलं तरी.

आता पट्टीबद्दल, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. दोघांना मिळून एकच पट्टी असते. ती जाड माणसाच्या मांडीला टेकली की तिथेच अडते. शेजारच्या पोराच्या मांडीवर तीन-चार बोटं जागा उरते, म्हणजे पोर मोकळंच बसलेलं असतं. कोलंबस, ब्रेक डान्स, टोरा टोरा, सगळीकडे हेच. त्यामुळे अशा राइडवर शेजारी बारीक अंगाचा मोठा माणूस बसवा, आणि पट्टी पोराच्या मांडीला टेकते का ते हात घालून बघा. टेकत नसेल तर ती राइड त्या पोरासाठी नाही. मांडीवर घेऊन बसणं तर कुठेच नको. जोराचा हिसका बसला की हातातलं मूल धरून ठेवायला दंडाची ताकद पुरत नाही.

गिरकीच्या राइडवर जागा ठरलेली असते. फिरताना अंग बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. म्हणून मोठा माणूस बाहेरच्या कडेला आणि पोर आतल्या कडेला. उलट बसवलं तर मोठ्याचा सगळा भार पोरावर येतो. पोर रडायला लागतं ते भीतीने नाही, चेंगरल्याने.

आणि केस. वेणी, ओढणी, स्कार्फ, गळ्यातला कंडा, सगळं आवरा. मुलींचे केस अंबाडा घालून रुमालाखाली. आकाशपाळण्याच्या आसाशी केस गुंतून झालेले अपघात आपल्याकडे जत्रांमध्ये घडले आहेत.

पांझराकाठ
पानाभाऊ, फार उपयोगाचं. पाळणा वर गेल्यावर थांबतो, त्याचं काय? पुतण्याने चित्रात खरंच वर अडकलेला डबा काढला!

पाना_बावीस
मग त्याला कारण सांगा, सात वर्षांच्या पोराला कळतं. पाळणा बिघडला म्हणून थांबत नाही, खाली दुसरे लोक चढतात म्हणून थांबतो. एका बाजूचेच डबे भरले तर चाक जड बाजूला ओढतं, म्हणून समोरासमोरचे डबे भरतात. चालवणारा अर्धं चाक फिरवतो, थांबवतो, पुन्हा फिरवतो. खाली उभं राहून पोरालाच मोजायला लावा : किती वेळा थांबला, दर वेळी कोण चढलं. दोन खेपा मोजल्या की थांबण्याचं गूढ उरत नाही.

चालवणाऱ्याला सांगून शेवटी चढा, म्हणजे चढवतानाचे थांबे तुमच्या वाट्याला येत नाहीत. उतरवतानाचे येतील, तोवर पोर सरावलेलं असतं. लाइट गेली तर काय, हेही आधीच सांगून ठेवा. जत्रेत जनरेटर बंद पडतो. तेव्हा चाक थांबतं, पडत नाही, आणि माणसं एकेक डबा खाली घेतात.

वेळ संध्याकाळी पाचच्या सुमाराची धरा. गर्दी नसते, कर्णे अजून तापलेले नसतात, चालवणाराही ऐकून घेतो. "पहिल्या दोन फेऱ्या हळू घे दादा" म्हटलं की घेतो. घरचा एक माणूस त्याच्या शेजारी उभा ठेवा आणि खूण ठरवा. दोन्ही हात डोक्यावर फुली म्हणजे थांबव. नुसता हात हलवला तर टाटा करताय असं समजतात.

बोरीकाठची
दीड महिना आहे तर झोका बांधा. आखाजी (अक्षय्य तृतीया) अजून लांब आहे म्हणून काय झालं! गिरकी सोडून बाकी सगळ्याची तयारी झोक्यावर होते.

पहिला आठवडा पाय जमिनीला टेकतील इतक्याच उंचीवर, थांबणं मुलाच्या पायात. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही झोका द्या, पण मागून नाही. समोर उभं राहून गुडघ्यांना हलका धक्का द्या, म्हणजे मुलाला तुमचा चेहरा दिसतो आणि पुढचा धक्का कधी येणार ते कळतं. तिसऱ्या आठवड्यात मागून. झोका टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी पोटात गोळा येतो, तेव्हा मुलाने "आत्ता!" असं ओरडायचं. हा खेळ नीट जमला की मूल गोळ्याची वाट बघायला लागतं. कोलंबसवर तोच गोळा जरा मोठा असतो. रोज दहा मिनिटं पुरे. मूल "अजून" म्हणत असतानाच थांबवा.

दोर मजबूत असू द्या, आणि फांदी कडुलिंबाची निवडा, शेवग्याची नको, ती मोडते.

कानाकोपरा
डॉक्टर आहे, कान-नाक-घशाचा. चक्कर आणि उलटीबद्दल थोडं लिहितो, कारण भीती म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच हे असतं.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गिरकी थांबली तरी द्रव काही सेकंद फिरत राहतो. डोळे सांगतात थांबलो, कान सांगतो फिरतोय. त्यातून मळमळ. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. साधारण सात ते बाराच्या वयात तो सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुमच्या पुतण्याला बहिणीपेक्षा जास्त मळमळू शकतं, त्यावरून त्याला चिडवू नका.

गिरकीत डोळे मिटल्याने काहींना त्रास वाढतो. पाळण्याच्या खांबावरचा दिवा किंवा समोर बसलेल्या माणसाचं नाक, अशी एक स्थिर जागा धरून बघावं. अंधाऱ्या राइडमध्ये मात्र उलट, तिथे भीती दिसण्याची असते. डोळे मिटले तरी चालतात आणि तसं आधीच सांगावं. उतरल्यावर लगेच दुसरीकडे पळवू नका. पाच-दहा मिनिटं बसवा, लांबचं काहीतरी बघू द्या.

श्वासासाठी जत्रेतली पिपाणी उत्तम. तीन मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत पिपाणीतून बाहेर. श्वास बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके उतरतात. हे रांगेत करा. राइडवर तोंडात पिपाणी, गोळी, च्युइंगम काहीही नको, श्वासनलिकेत जाऊ शकतं. वर गेल्यावर मोठ्याने ओरडायला सांगा. ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो, धरून ठेवला जात नाही.

औषधाच्या गोळ्या मनाने देऊ नका, काहींनी मुलं गुंगतात. बालरोगतज्ज्ञांना विचारा. फिट येणारी मुलं, हृदयाचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन यात जोराच्या राइड टाळाव्यात. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांची मानेची वरची हाडं सैल असतात, त्यांना मान हिसकणाऱ्या राइडवर डॉक्टरांना न विचारता बसवू नये.

केळीबाग_रावेर
खाण्याचं कोणी लिहिलं नाही. जत्रेत उतरलं की आधी शेवभाजी आणि भजी, मग पाळणा, असा आपला क्रम असतो. तो उलटा करा. राइडच्या दीड-दोन तास आधी भाकरी-दूध, वरणभात किंवा केळं. उपाशीपोटीही नको, रिकामं पोट जास्त ढवळतं. पाणी घोट घोट. शेवभाजी सगळं झाल्यावर, मग हवी तेवढी तर्री.

उन्हाळ्यातल्या यात्रांना, म्हणजे अमळनेरला वैशाखात किंवा धुळ्याला चैत्रात, दिवसा राइडच नको. आपल्याकडे पारा ४२ च्या वर असतो. पत्र्याचं बसकं मांडीला चटका देतं आणि मूल रडतं ते भीतीने रडतंय असं आपण समजतो.

पांझराकाठ
मुलीच्या आवाजाचं आणि मुखवट्यांचं सांगा कोणीतरी.

झोका
आवाज म्हणजे एकच गोष्ट नाही. जनरेटरची धडधड, कर्ण्यावरची गाणी आणि मौत का कुआँमधल्या मोटारसायकली. शेवटचं सर्वांत वाईट, कारण लाकडी विहिरीत आवाज घुमतो. तिथून लांबची वाट धरा. कान झाकणारे इअरमफ मिळतात, डोक्यावरून घालायचे. आठवडाभर आधी घरी मिक्सर लावताना वापरून बघा. जत्रेत पहिल्यांदा काढले तर ती ते घालणार नाही. कानात कापसाचे बोळे नकोत, आवाज फार अडत नाही आणि आत अडकतात.

मुखवट्यांचं कारण वयात आहे. तीन ते सहाच्या मुलाला मुखवटा काढला की आतला माणूस तोच आहे हे सांगून पटत नाही, करून बघावं लागतं. पुठ्ठ्याचा मुखवटा तिलाच रंगवू द्या. मग आरशासमोर तिने घालायचा, काढायचा. मग तुम्ही तिच्या देखत घालायचा. चेहरा झाकला जातानाचा क्षण तिला दिसला पाहिजे. घालून अचानक दारातून येऊ नका, काका लोकांना ही फार हौस असते. भूत बंगला यंदा सोडा. साडेचार वर्षांच्या मुलीने तिथे जाऊन मिळवण्यासारखं काही नाही.

इमॅजिकात राजासॉरसची नावेची राइड आहे, त्यात डायनोसॉर आणि पाणी. पुतण्याला आधी सांगा की राजासॉरस खरा होता. त्याचे जीवाश्म गुजरातेत रहिओलीला सापडले, २००३ मध्ये नाव ठेवलं ते "राजासॉरस नर्मदेन्सिस", नर्मदेचा. ती नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. ज्या प्राण्याची माहिती मुलाला आपल्यापेक्षा जास्त असते त्याची भीती बरीच कमी होते.

भुसावळ_जंक्शन
पार्कसाठी प्रवासाचा हिशेब आधी करा. रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल आणि तशीच थेट पार्कात, असं बरेच जण करतात. अर्धवट झोपेतलं मूल अकरा वाजता किरकिर करतं आणि पहिल्याच राइडला भोकाड पसरतं. आदल्या दिवशी पोहोचा, मुक्काम करा.

उंची घरी मोजून जा, सेंटिमीटरमध्ये. चार फूट म्हणजे १२२ सेंमी. जाड तळव्याचे बूट घालून मूल आत घुसवू नका. राइडच्या दारावरची उंचीची रेघ धाडसासाठी नसते, खांद्यावरची आणि मांडीवरची पट्टी किती लहान अंगाला नीट बसेल त्यावरून असते. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या कोस्टरला पायाखाली तळच नाही, पाय लोंबकळतात. तिथे तर हा विषयच काढू नका. आणि "तू बसू शकत नाहीस" हे दारावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पांझराकाठ
व्हिडिओ दाखवून नेलं तर? यूट्यूबवर पुढच्या बाकावरून काढलेले असतात.

झोका
दाखवा, पण आवाज बंद करून, छोट्या पडद्यावर, आणि थांबवायचं बटण मुलाच्या हातात. दुसऱ्या वेळी आवाज थोडा. कॅमेरा पुढच्या टोकाला असल्यामुळे राइड असते त्याहून भयंकर दिसते, हेही सांगा. त्याच राइडचा बाहेर उभं राहून काढलेला व्हिडिओ जोडीला दाखवा. ही केवढी आहे, कुठे सुरू होते, कुठे संपते हे त्यातच कळतं.

भीती मोजायला बोटं वापरा. शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे पळून जावंसं. दोन-तीन बोटांवर असताना बसवा. चार-पाच असतील तर बाजूला उभं राहून आणखी दोन खेपा बघा, बहुतेक वेळा एक बोट खाली येतं. नाही आलं तर आधीच्या सोप्या राइडवर परत. आणि "बसलास तर मोबाइल देतो" नको. बक्षीस द्यायचंच तर बघायला उभं राहिल्याचंही द्या, बसण्याचंच नको.

खान्देशी_वाघ
आन वर गेल्यावर पोरगं बोंबललंच तर? तेव्हा कुठली बोटं मोजता?

झोका
तेव्हा समजावणी बंद. छोट्या आज्ञा : "पाठ मागे टेक. दांडा धर. माझ्याकडे बघ. ओरड." हात पोटावरून आडवा, घट्ट. तुमच्या अहिराणीत "मी शे ना" (मी आहे ना) एवढं पुरतं. खाली उभ्या माणसाला फुलीची खूण. उतरल्यावर हसू नका, व्हिडिओ काढला असेल तर भावकीत फिरवू नका. पाणी द्या, पंधरा मिनिटं बसा, मग जी राइड त्याला आधी जमली होती ती एकदा करून घरी जा. त्याच राइडवर लगेच पुन्हा चढवू नका, आणि रडत थेट घरीही आणू नका.

पांझराकाठ
आजपासून झोका. पार्कात मुलगी बसणार नसेल तेव्हा कोणी थांबायचं यावर घरात वाद होणार, तेवढं राहिलं.

भुसावळ_जंक्शन
दोन मोठ्यांनी पाळी लावा. पहिला उतरला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतात का, हे त्या राइडच्या दारावरच विचारा. आणि मूल ऐनवेळी नको म्हणालं तर गर्दी कापत मागे येऊ नका. बसायच्या जागेजवळ बाजूने बाहेर पडता येतं, तिथल्या माणसाला सांगा, तो वाट दाखवतो.

पाना_बावीस
एक राहिलं. सारंगखेड्याला तेव्हा तापीकाठी थंडी असते, पोरं मफलर-शाल गुंडाळून येतात. पाळण्यात चढताना मफलर आणि शाल काढून खालच्या माणसाकडे द्या. कानटोपी चालेल, बिनदोरीची.